माळेगावच्या जाणत्या मोतद्दारांचे आभार

माळेगावच्या खंडोबा यात्रेत आणि नंतर वर्षभर फोनवर, घोड्याचं वागणं शिकणाऱ्या आम्हा नवख्यांना न कंटाळता समजावणाऱ्या मोतद्दारांचे, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्यांचे, आणि नालबंदांचे मनापासून आभार. शेपटीच्या थेट मागचं घोड्याला दिसत नाही, म्हणून बोलत बोलत खांद्याच्या बाजूनं जायचं; कान मागं चिकटले की थांबायचं. सगळ्यात मोलाचं म्हणजे कासरा ढिला कधी सोडायचा ते. घोड्यानं एक पाऊल टाकलं की त्याच क्षणी ताण सैल. उशीर झाला तर ओढ कशासाठी होती हे त्याला उमगत नाही, मग मान ताठ करून उलटं ओढायला शिकतो. शाबासकी द्यायची तर आयाळ संपते तिथं खाजवा, हेही तुमचंच. बोटं फिरली की मान खाली येते, वरचा ओठ लांबतो. अवेळी पाठवलेला व्हिडिओ पाहून ‘खोड नाही, पाय दुखतोय त्याचा’ म्हणणाऱ्यांचे तर विशेष ऋण.