गृहपाठाच्या निमित्ताने मुलांच्या हाती गेलेला मोबाइल

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

समाजमाध्यमांमुळे विद्यार्थ्यांचे नुकसान होत आहे, अशी पत्रे आणि लेख आपल्या वृत्तपत्रात वरचेवर प्रसिद्ध होतात. त्यांतला बहुतेक दोष मुलांच्या पदरात टाकलेला असतो. मुले ऐकत नाहीत, मुलांना वेड लागले आहे, आमच्या वेळी असे नव्हते, असाच सूर असतो. मी एकवीस वर्षे तालुक्याच्या गावी एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, आणि मला दिसलेले चित्र थोडे वेगळे आहे. माझ्या वर्गातल्या बहुतांश मुलांकडे स्वतःचा मोबाइल नाही. त्यांच्या हाती तो रोज संध्याकाळी मोठी माणसेच देतात, आणि तो देण्याचे कारण आम्ही शिक्षकांनी पुरवलेले असते. म्हणून हे पत्र पालकांइतकेच माझ्या व्यवसायबंधूंना आणि शिक्षण खात्याला उद्देशून आहे.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात पहिल्या तासाला एक मुलगा रोज बाकावर डोके टेकून झोपायचा. चुणचुणीत, कधीही उलट न बोलणारा मुलगा. एके दिवशी तास संपल्यावर त्याला जवळ बसवून विचारले, तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, बारा वाजता नवीन नेट मिळतं ना, म्हणून जागतो.” मला आधी अर्थबोधच झाला नाही. मग कळले की मोबाइलच्या रिचार्जमध्ये रोजचे दीड जीबी नेट मिळते, ते संध्याकाळीच संपते आणि मध्यरात्री पुन्हा भरते. त्याची आई भाजीच्या बाजारासाठी पहाटे चारला उठते, त्यामुळे नऊलाच झोपते. तिच्या उशाचा मोबाइल हळूच काढून घ्यायचा, बारा वाजायची वाट पाहायची आणि मग दोन-अडीचपर्यंत रील पाहत राहायचे, असा त्याचा नेम होता. वर्गात विचारल्यावर आणखी सात हात वर आले. या वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, असे डॉक्टर सांगतात. या आठांपैकी एकालाही ती सहा तास मिळत नव्हती.

मुलांची झोप पुरी होत नाही, हे सरकारलाही ठाऊक आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी तो मुद्दा मांडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय निघाला. निर्णय चांगलाच आहे. पण आपण सकाळची घंटा पुढे ढकलली, आणि रात्रीचे जागरण होते तसेच राहिले.

हा मोबाइल अभ्यासाच्या नावाने घरात शिरला, त्याची सुरुवात मार्च २०२० मध्ये झाली. शाळा बंद पडल्या तेव्हा दुसरा मार्गच नव्हता आणि त्या दिवसांत कित्येक शिक्षकांनी जिवाचे रान केले, याची मला जाणीव आहे. पुढे शाळा उघडल्या, फळा आला, खडू आला, पण वर्गाचा ग्रुप काही बंद झाला नाही. गृहपाठ ग्रुपवर, सूचना ग्रुपवर, प्रश्नपत्रिकेचे फोटो ग्रुपवर. मी स्वतः कित्येक वर्षे रात्री आठच्या सुमारास दुसऱ्या दिवशीचा गृहपाठ टाकत आले. तेवढ्यासाठी तीस-चाळीस घरांत मुलाने आईकडे मोबाइल मागितला असेल आणि आईने तो विश्वासाने दिला असेल, हा विचार माझ्या मनात आला नाही, याचा मला आज मनापासून पश्चात्ताप होतो. गृहपाठ वहीत उतरवायला दहा मिनिटे पुरतात. मोबाइल मात्र झोपेपर्यंत मुलाच्या हातात राहतो आणि ‘अभ्यास करतोय’ एवढे म्हटले की घरात कोणी हटकत नाही.

हे केवळ माझ्या गावापुरते नाही. ग्रामीण भारतात झालेल्या २०२४ च्या ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणात १४ ते १६ वयोगटातील सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे आणि या वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना तो वापरता येत असल्याचे आढळले. वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो शिक्षणाशी संबंधित कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी.

परिणाम काय झाला, हे मला सर्वात आधी निबंधाच्या वह्यांतून कळले. पूर्वी मुलांच्या शुद्धलेखनाच्या चुका असत, वाक्ये अडखळत, पण विचाराला विचार जोडलेला असे. आता वहीचे पान भरते, वाक्येही बरी असतात, मात्र दोन वाक्यांना बांधणारे शब्दच गळून पडलेले दिसतात. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘त्यामुळे’ हे शब्द शोधावे लागतात. मागच्या चाचणीत ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयावरचे एकेचाळीस निबंध मी मुद्दाम या दृष्टीने वाचले आणि त्यांतल्या तेवीस निबंधांत ‘कारण’ हा शब्द एकदाही आलेला नव्हता. पाऊस आला, छत्री नव्हती, भिजलो, मजा आली. प्रत्येक वाक्य सुटे, जणू अर्ध्या मिनिटाची एकेक चित्रफीत. हे सगळे मोबाइलमुळेच झाले, असा माझा दावा नाही, करोनाकाळात बुडालेले वाचनही त्यामागे आहे. परंतु दर तीस सेकंदांनी विषय बदलणाऱ्या गोष्टीत जे मूल रोज तीन-चार तास घालवते, त्याला सहा पानांचा धडा एका बैठकीत वाचवत नाही, हे मी रोज पाहते. लक्ष एकदा विचलित झाले की ते पुन्हा अभ्यासावर यायला वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, असे युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात नमूद आहे. आमचा तासच पस्तीस मिनिटांचा असतो.

दुसरी घटना लिहिताना आजही हात जड होतो. स्नेहसंमेलनात आमच्या आठवीच्या मुलींनी कोळीनृत्य केले. फोटो नेहमीप्रमाणे वर्गाच्या ग्रुपवर टाकले गेले. आठवड्याभरात त्यांतल्या एका मुलीचा चेहरा कापून घेऊन कोणीतरी तिच्या नावाने खोटे अकाउंट उघडले आणि त्यावर घाणेरडा मजकूर लिहिला. तिला हे मैत्रिणींकडून कळले. दुसऱ्या दिवशी ती वर्गात ओढणी नाकापर्यंत ओढून बसली होती आणि हजेरीला ‘उपस्थित’ एवढेही म्हणाली नाही. तक्रार केल्यावर ते अकाउंट बंद व्हायला अकरा दिवस लागले. या अकरा दिवसांत तिच्या वडिलांनी तिचे शाळेत येणे थांबवले होते. ज्याने खोडी काढली तो शाळेत येत होता आणि जिचा काही दोष नव्हता ती घरी बसली होती. आम्ही दोन शिक्षिका तीनदा तिच्या घरी गेलो, तिच्या आईशी बोललो, तेव्हा ती परत आली. तो फोटो बाहेर पडला तो आमच्याच ग्रुपवरून, हे मला विसरता येत नाही. अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी १०९८ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे, तो आमच्या मुलींना पाठ होता, पण ‘घरी कळलं तर शाळा बंद होईल’ या भीतीने तो फिरवायचे धैर्य कोणाला झाले नव्हते.

कंपन्यांना या हानीची कल्पना नाही, असे मानायला जागा उरलेली नाही. फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगेन यांनी २०२१ मध्ये जी अंतर्गत कागदपत्रे उघड केली, त्यांत किशोरवयीन मुलींपैकी दर तिघींमागे एकीचे स्वतःच्या शरीराविषयीचे दुःख आपल्या इन्स्टाग्राम या माध्यमामुळे वाढते, अशी कंपनीच्याच संशोधकांची नोंद होती. वर सरकवत राहावे आणि खाली कधीच शेवट येऊ नये, ही रचना माणसाला तिथे थांबवून ठेवण्यासाठी केलेली आहे. तिच्यापुढे भलेभले प्रौढ टिकत नाहीत, तिथे तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला ‘तुला संयम नाही’ म्हणून रागावणे अन्यायाचे आहे.

कायद्याने काही होईल का, असे पालक विचारतात. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली असून, ती पाळण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक ठरते, तिची माहिती वापरण्यास पालकांची पडताळणी केलेली संमती घेण्याची आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती न दाखवण्याची तरतूद त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मी या दोन्हींचे स्वागत करते. मात्र आमच्या गावात मोबाइल आईचा, सिमकार्ड मामाच्या नावाचे आणि खाते मुलाचे असते. एका विद्यार्थ्याने माझ्यासमोर खाते उघडून दाखवले. जन्मवर्ष विचारल्यावर त्याने बोटाने आकडे फिरवले आणि १९९८ वर थांबवले. “कुठलंही चालतं, मॅडम,” असे तो अगदी सहज म्हणाला. त्यामुळे दिल्लीतल्या कायद्याची वाट पाहत आपण हातावर हात ठेवून बसणे मला पटत नाही.

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने जे केले, ते मला अधिक जवळचे वाटते. तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला आणि त्यानंतर दीड तास घराघरांतले टीव्ही व मोबाइल बंद राहू लागले. साडेआठला दुसरा भोंगा. करोनाकाळात मुलांना मोबाइलची सवय लागली आणि शाळा सुरू झाल्यावरही ती सुटेना, म्हणून ग्रामसभेत चर्चा होऊन हा निर्णय झाला. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशा सेविका, शिक्षक घरोघरी फिरून आठवण करून देत. या उपक्रमाचे मर्म भोंग्यापेक्षा सगळ्यांनी एकाच वेळी थांबण्यात आहे, असे मला वाटते. वडील बातम्या पाहत असतील, आजी मालिका पाहत असेल आणि मुलाला मात्र पुस्तक उघडायला सांगितले असेल, तर ती त्याला शिक्षाच वाटणार. शिवाय गल्लीतल्या साऱ्याच मुलांचे मोबाइल बंद असतील, तर ‘मी एकटाच मागे पडतोय’ ही धास्ती राहत नाही. मुलांशी बोलताना मला जाणवते की त्यांना रीलपेक्षा या धास्तीनेच जास्त बांधून ठेवले आहे.

शिक्षण खात्याला माझी विनंती आहे की, विद्यार्थ्यांचा गृहपाठ मोबाइलवरून देऊ नये, तो वर्गातच फळ्यावर लिहून मुलांच्या वहीत उतरवून घ्यावा, आणि विद्यार्थ्यांचे, विशेषतः मुलींचे फोटो कोणत्याही ग्रुपवर टाकू नयेत, असे स्पष्ट परिपत्रक राज्यातील सर्व शाळांसाठी काढावे. तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड उघडून मी वर्गातल्या पडद्यावर मुलांना किती तरी गोष्टी दाखवते. फरक इतकाच की तिथे एक पडदा पन्नास जण मिळून पाहतात आणि बघून झाल्यावर त्यावर बोलतात. आमच्या वर्गाचा ग्रुप आम्ही या जूनपासून केवळ पालकांना सुट्टीची व सभेची सूचना देण्यापुरता ठेवला आहे. पहिल्या महिन्यात काही पालक नाराज झाले, ‘शिक्षक अभ्यास देत नाहीत’ अशी तक्रार मुख्याध्यापकांकडे गेली. वह्या दाखवल्यावर ती मिटली.

पालकसभेत एका वडिलांनी मला विचारले, “मोबाइल काढून घेतो मॅडम, पण मग पोरांनी सात ते नऊ करायचं काय?” त्यांचा प्रश्न रास्त होता, कारण आमच्याकडे मैदानावर दिवे नाहीत आणि गावचे सार्वजनिक वाचनालय संध्याकाळी सहाला बंद होते. ते साडेआठपर्यंत उघडे ठेवावे, असा अर्ज आम्ही वाचनालयाच्या कार्यकारिणीला दिला असून, त्या वेळेत आळीपाळीने थांबायला शाळेतले चार शिक्षक तयार आहेत. वीजबिलाचा वाढीव भार कोणी उचलायचा, यावर सध्या चर्चा अडली आहे.

आपली विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षिका