अक्काचा पदर

सोलापूर, गुरुवार

चि. मीनल हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास, त्यानंतर मीही केला नाही. चूक माझी. "अक्काच्या इरकल साडीचे कानातले करणार" एवढं ऐकलं आणि मी तुला पुढे बोलूच दिलं नाही. कर कानातले. चाळीस जोडांची ऑर्डर स्वतःच्या हिमतीवर मिळवलीस, याचा अभिमान वाटतो हे सांगायचं राहून गेलं. फक्त पदराला कात्री लावू नकोस. हे एकदाच लिहितो आणि कामाचं बोलतो.

भिंतींची पुट्टी घासून होईपर्यंत साडीचं बोचकं उघडूच नकोस. पुट्टीत पांढरं सिमेंट असतं, त्याच्या धुळीत क्षार असतो आणि क्षार रेशमाला खातो. घासकाम, प्रायमर, रंग सगळं उरकू दे. मग फरशी झाडू नकोस, ओल्या फडक्याने दोनदा पूस. घासताना मास्क बांध. मागच्या हिवाळ्यातला तुझा खोकला माझ्या लक्षात आहे.

आता हिशेब बघ. कानातल्याची लाकडी चकती 35 मिमीची. भोवती 12 मिमी माया, म्हणजे मागे मुडपायचं कापड, सोडलीस की कापडाचा गोल होतो 59 मिमीचा, म्हणजे 6 सेंमी धर. काठाच्या एका मीटरमध्ये असे 16 गोल बसतात, म्हणजे 8 जोड. चाळीस जोडांना 5 मीटर काठ पुरतो. नऊवारीला एकाच बाजूला आठ मीटर काठ असतो, दुसऱ्या बाजूचा आणखी वेगळा. मग पदर लागतो कुठे?

शिवाय इरकलीचा पदर अंगाबरोबर सलग विणलेला नसतो. त्याचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा, अंगाचा वेगळा, आणि दोन्ही फाशांनी एकमेकांत अडकवलेले. त्या जोडाजवळ कात्री गेली की फासे सुटत जातात. जोडापासून वीतभर अंग पदराला तसंच राहू दे.

काठ घेताना आधी उजेडासमोर धर. जुनं रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं की घडीवरच चिरतं. दोन अंगठ्यांनी हलकं ताणून बघ. तिथे चिरकलं तर चकतीच्या कडेवर फाटणारच, तो तुकडा बाजूला टाक. काष्ट्याकडचं अंग विरलेलं आहे, तिथला काठ धड असेल तर सुरुवात तिथून कर.

कापायच्या आधी उलट्या बाजूने पातळ फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, लाव. इस्त्री रेशमाच्या आकड्यावर, वाफ बंद, वर सुती फडकं. दाबून दहा सेकंद धरायची, सरकवायची नाही, नाहीतर काठाची रेघ वाकडी होते. गोल आखायचे ते यानंतर. फ्यूजिंगशिवाय कापलेल्या गोलाचे धागे सुटतात आणि माया अर्धी होते. कडा मेणबत्तीवर फिरवायची युक्ती पॉलिएस्टरची. ते वितळून बंद होतं. रेशीम जळून काळं पडतं आणि त्याचा भुगा होतो.

चकतीची कड पॉलिश पेपरने गोलसर कर, धार राहिली तर कापड तिथेच झिजतं. हुकासाठी दीड मिमीचं भोक कापड चढवायच्या आधीच पाड. पुढून पांढऱ्या अस्तराचा एक गोल ठेव, म्हणजे लाकडाचा तपकिरी रंग वर दिसणार नाही. मग दुहेरी दोऱ्याने कडेपासून 3 मिमीवर धावदोरा, मधोमध चकती, दोरा ओढून मागे आडवेतिडवे टाके. गोंद फक्त मागच्या फेल्टला. पुढे लावलास तर पातळ रेशमातून वर येतो आणि वाळल्यावर कडक डाग पडतो. भोकावरचं कापड टोच्याने उघड, धागे तोडू नकोस. हुक आणि चकती जोडणारी कडी उघडताना तिची दोन टोकं पुढे-मागे पिळायची. बाजूला फाकवलेली कडी पुन्हा नीट मिटत नाही, आणि कानातला रस्त्यात पडतो. हुक स्टीलचेच घे, तुझ्या कानांना बाकीचे सोसत नाहीत.

मी पुन्हा शिकवणीच घेत बसलो. रागावू नकोस. यातलं निम्मं तुला येतच असेल.

पदराच्या टोकाला, लाल भागाच्या शेवटच्या पांढऱ्या पट्टीवर, हळदीचा बोटभर डाग आहे. तुझ्या बारशाला अक्काने हीच नेसली होती. पाळण्यापाशी हळदकुंकू चालू होतं, आणि तू तिचा पदर मुठीत धरलास तो सोडेचनास. धाकट्या काकूने किती वेळा म्हटलं, द्या मी डाग काढते. अक्काने काढू दिला नाही. तूही त्याला साबण लावू नकोस. साबणातल्या क्षाराने हळद लाल होते आणि डाग पसरतो. बाकी काठ धुवायचा झाला तर आधी ओला पांढरा रुमाल दाबून बघ. रंग उतरला तर धुवायचाच नाही. नाही उतरला तर रिठ्याचं गार पाणी, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, सावलीत आडवं वाळवायचं.

पदर तुझ्याकडे ठेवायचा असेल तर ठेव, तो तुझाच आहे. पण घडी घालू नकोस. पुठ्ठ्याच्या नळीवर मलमल गुंडाळ, त्यावर पदर, वरून पुन्हा मलमल. डांबरगोळ्या त्याला लागू देऊ नकोस. नळी इथून पाठवतो, साडीच्या रुंदीपेक्षा थोडी लांब आहे. ती पोचेपर्यंत काठ कापायला हरकत नाही.

तुझे,
बाबा