डोळ्यातील इंजेक्शन : औषधाची निवड रुग्णालाही कळावी

महोदय,

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला सूज आली की डोळ्यात इंजेक्शन घ्यावे लागते, हे आता आपल्याकडे नवलाचे राहिलेले नाही. परंतु ते कोणत्या औषधाचे, किती वेळा आणि किती खर्चाचे, हे पुष्कळ रुग्णांना शस्त्रक्रियागृहाच्या दारात पोहोचेपर्यंत ठाऊक नसते. मलाही ठाऊक नव्हते. ‘एक इंजेक्शन देऊ’ असे सांगण्यात आले आणि मी ते एकच समजून चाललो. ही औषधे व्हीईजीएफ नावाच्या प्रथिनाला अडवतात, त्यामुळे रक्तवाहिन्यांतून होणारी गळती थांबते. मात्र औषधाचा असर काही आठवड्यांत ओसरतो आणि सूज परतू शकते, म्हणून सुरुवातीला बहुधा दरमहा इंजेक्शन घ्यावे लागते. हे आधी न कळल्यामुळे ‘गुण आला नाही’ असे म्हणून दुसऱ्या वा तिसऱ्या खेपेला उपचार सोडून देणारे लोक मी प्रतीक्षाकक्षात पाहिले आहेत. (सुईची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त असते, थेंबांनी डोळा बधिर करतात आणि सारे काही क्षणांत आटोपते.)

खरा प्रश्न औषधाच्या निवडीचा आहे. बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झाले, तर त्याच जेनेन्टेक कंपनीचे रॅनिबिझुमॅब २००६ मध्ये खास डोळ्यासाठी आले आणि ते कितीतरी महाग होते. डॉक्टर बेव्हॅसिझुमॅबही डोळ्यात वापरतात. त्याची १०० मिलिग्रॅमची कुपी असते आणि डोळ्याला जेमतेम सव्वा मिलिग्रॅम लागते, म्हणून एका कुपीतून अनेक रुग्णांची सोय होते आणि ते स्वस्त पडते. वयोमानाने होणाऱ्या पडद्याच्या ऱ्हासात ही दोन्ही औषधे दृष्टीच्या बाबतीत तुल्यबळ असल्याचे अमेरिकी सरकारच्या निधीतून झालेल्या चाचणीत २०११ मध्ये दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये बेव्हॅसिझुमॅबचा डोळ्यासाठीचे औषध म्हणून अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. स्वस्त औषधाची वाट अडवण्यासाठी संगनमत केल्याचा ठपका ठेवून इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१४ मध्ये रोश (जेनेन्टेकची मालक कंपनी) आणि नोव्हार्टिस (अमेरिकेबाहेर रॅनिबिझुमॅब विकणारी कंपनी) यांना मोठा दंड ठोठावला, हेही येथे नमूद करायला हवे.

अर्थात स्वस्त औषध सर्वांनाच पुरेल असे नाही. मधुमेही सुजेत दृष्टी बरीच घटलेली असेल, तर पहिल्या वर्षात अफ्लिबरसेप्ट या याच प्रकारच्या तिसऱ्या औषधाचा लाभ अधिक होतो, असे २०१५ च्या एका तुलनात्मक चाचणीत आढळले. दृष्टी थोडीच घटलेली असताना मात्र तिन्ही औषधांत फारसा फरक दिसला नाही. शिवाय एक कुपी अनेकांत वाटताना निर्जंतुकतेत कसूर झाली, तर एकाच दिवशी अनेक डोळे गमावण्याचा धोका असतो. परंतु यावरचा उपाय हे औषध टाळण्यात नसून, मोठ्या शासकीय रुग्णालयांच्या औषधनिर्माण विभागात ते निर्जंतुक वातावरणात एकेका मात्रेच्या सिरिंजमध्ये भरून जिल्हा रुग्णालयांना पुरवण्यात आहे. शासनाने याचा विचार करावा.

तोवर निदान प्रत्येक रुग्णाला पहिल्या इंजेक्शनपूर्वी मराठीत एक चिठ्ठी मिळावी. तिच्यावर औषधाचे नाव, पर्याय, प्रत्येकाची किंमत आणि अंदाजे किती खेपा लागतील हे असावे. विमा प्राधिकरणाने २०१९ मध्ये डोळ्यातील इंजेक्शनांचा आधुनिक उपचारांच्या यादीत समावेश केला असल्याने पॉलिसीत त्यासाठी किती मर्यादा आहे हे तपासावे, अशी सूचनाही असावी. आणि एक दूरध्वनी क्रमांक असावा, रात्रीही उचलला जाईल असा. तिसऱ्या इंजेक्शननंतर शनिवारी रात्री माझा डोळा लालभडक झाला. तो दुखत नव्हता, नजरही कमी झाली नव्हती. सुईच्या जागी थोडे रक्त साकळले होते, इतकेच. दुखणे आणि धूसरपणा असता तर मात्र त्याच रात्री धावायला हवे होते, हा फरक मला सोमवारी सांगण्यात आला.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा