तुझ्या गाडीला हात लावण्याआधी हे वाच

नागपूर,
रविवार, दुपार

गड्या,

सिग्नलला उभी राहिली की गाडी थरथरते आणि एसी लावला की बंदच पडते, असं तू फोनवर म्हणालास. माझी महिनाभर हेच करून राहिली होती बे. भर उन्हात व्हेरायटी चौक, मागे ऑटोवाल्यांचे हॉर्न, आणि मी आपला चावी फिरवतोय. गॅरेजवाला म्हणाला, अख्खी थ्रॉटल बॉडी (इंजिनात किती हवा जाते ते ठरवणारा भाग) बदला. किंमत ऐकली, त्याला नमस्कार केला न गाडी घरी आणली.

काल पहाटे साडेपाचला ती काढून साफ करायला बसलो. मे महिन्यात आठनंतर आपल्याकडे बॉनेटला हात लावायची सोय नाही. शिवाय इंजिन रात्रभर थंड झालेलं पाहिजेच, साफ करायचा क्लीनर स्प्रे चटकन पेट घेतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. मग एअर फिल्टरकडून येणारा जाड पाईप, ॲक्सिलरेटरची केबल, वायरचा कपलर, आणि शेवटी बोल्ट. काही काढायच्या आधी मोबाईलवर फोटो. कूलंटचे दोन बारीक पाईप सोडवताना थोडं सांडलंच; त्यांची तोंडं वर करून बांधून ठेवली.

हातात आल्यावर आत बघितलं. हवेची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या गोल पाकळीच्या कडेला न मागच्या भिंतीला काळा, चिकट थर. आपल्या मेसच्या एक्झॉस्ट फॅनवर असायचा ना, अगदी तसाच. इंजिनातली तेलकट वाफ बाहेर न सोडता हवेच्याच वाटेत परत ओढून घेतात, ती इथे बसते. ॲक्सिलरेटरवर पाय असला की पाकळी उघडी, हवा भरपूर. म्हणून वर्धा रोडवर गाडी झकास पळायची. पाय काढला की उरते ती बारीकशी वाट, आणि तीच बुजलेली.

क्लीनर थ्रॉटलचाच घे, आणि थेट मारू नको. फडक्यावर, ब्रशवर घे. सेन्सरवर गेला तर नवीनच उपद्व्याप. आईच्या जुन्या टूथब्रशने कडा घासल्या. क्लीनर उडताना बोटं अशी गार पडतात की त्या उकाड्यात बरं वाटलं. पॉलिश पेपर, चाकू अजिबात नको. आतल्या भिंतीला कंपनीचं कोटिंग असू शकतं, ते गेलं की गेलं. आयडलचा व्हॉल्व्ह, म्हणजे पाय काढल्यावर इंजिन चालू राहण्यापुरती हवा देणारा, तो वेगळा काढला. सगळ्यात जास्त घाण त्याच्या भोकात होती. त्याची सुई मात्र दाबली नाही की फिरवली नाही.

नवीन पॅकिंग टाकून सगळं बसवलं, कूलंट भरलं, चावी मारली. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) थेट दोन हजारांवर! माझं तोंड बघून आई म्हणाली, "केलंस का वाटोळं?" बॉनेट उघडून कान लावला तर बारीक फुस्सऽऽ. व्हॅक्यूमचा एक पाईप बोल्टांच्या नादात लावायचाच राहिला होता, तिथून जादा हवा आत शिरत होती. त्याचं टोक उन्हानं पापडासारखं कडक झालेलं. अर्धा इंच कापून पुन्हा बसवलं. गाडी थोडा वेळ वर-खाली करत राहिली, गरम झाली, पंखा एकदा लागला, आणि मग आठशेवर स्थिर. एसी लावला. हूं नाही की चूं नाही.

आता तुझं. तुझ्या गाडीला केबल नाही, पाकळी मोटर फिरवते. माझ्यासारखी बोटानं ढकलशील तर आतले प्लास्टिकचे दाते तुटतील, आणि मग खरंच अख्खी बदलावी लागेल. चावी चालू असताना तर तिथे बोट घालूच नको. ती स्वतःहून मिटू शकते. साफ केल्यावर पाकळीची जागा गाडीच्या कॉम्प्युटरला बऱ्याचदा पुन्हा शिकवावी लागते. काही गाड्यांत ते चावी ठरावीक वेळ चालू ठेवून होतं, काहींना स्कॅनरच लागतो.

तेव्हा मॉडेल न वर्ष कळव. कोणती पद्धत आहे ते बघून सांगतो. तोवर फक्त एअर फिल्टर काढून झटक, आणि पाईपांना कुठे चीर आहे का बघ. पाना उचलू नको.

तुझाच,
हात अजून काळे असलेला

ता. क. एक बोल्ट उरला आहे. फोटोत तो कुठेच दिसून नाही राहिला.