हात वर करायला शिकवणाऱ्या मॅडमना

मॅडम,

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण तुमचे आभार मला चारचौघांत मानायचे आहेत.

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनच्या आधी सर्जननी सगळं नीट समजावलं होतं. गाठ लहान आहे, स्तन वाचेल, पण नंतर रेडिएशन घ्यावंच लागेल. इटलीतल्या मिलानचे सर्जन उम्बेर्तो वेरोनेसी यांनी ७०१ बायकांमध्ये स्तन काढणं आणि स्तन वाचवून रेडिएशन देणं यांची तुलना केली होती. २००२ साली वीस वर्षांचे आकडे आले, तेव्हा स्तन काढलेल्या आणि वाचवलेल्या बायकांच्या जगण्यात फरक दिसला नाही. मी गणिताची शिक्षिका, आकड्यांनी धीर आला.

हाताबद्दल मात्र कोणी बोललं नाही. उजव्या काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. घरी सोडताना एवढंच सांगितलं, "हात जपा." मी इतका जपला की तीन आठवडे तो अंगाला चिकटवूनच ठेवला. वेणीसुद्धा लेकच घालायची. मग रेडिएशनच्या प्लॅनिंगला टेबलावर झोपवून हात डोक्यावर घ्या म्हणाले, तर तो खांद्याच्या वर जाईना. हात वर गेल्याशिवाय त्या जागेवर नीट किरण देता येत नाहीत. त्या दिवशी मला परत पाठवलं, आणि मी तुमच्या फिजिओथेरपीच्या खोलीत आले.

तुम्ही आधी टाके बघितलेत, मग काख. काखेतून कोपराकडे कातडीखाली सुतळीसारखी ताणलेली दोरी दिसत होती. मला वाटलं, आजार परत आला. "घाबरू नका, काखेच्या ऑपरेशननंतर बऱ्याच जणींना होते ही. सुटते," असं म्हणून तुम्ही विचारलंत, "हा हात दिवसभर काय काम करतो?"

तोवर हे कोणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, फळ्यावर लिहितो.

घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटं चढवत न्यायची आणि जिथे थांबतील तिथे पेन्सिलीने खूण करून तारीख घालायची, हा तुमचा गृहपाठ. पहिल्या दिवशी बोटं स्विचबोर्डाशीच अडली. दहाव्या दिवशी कॅलेंडरच्या खिळ्याला लागली. मधले दिवस मी रडत काढले, तेही तुम्हाला ठाऊक आहे. हात डोक्यावर गेला आणि १५ दिवसांचं रेडिएशन वेळेत सुरू झालं.

शेवटी शेवटी कातडी काळवंडली, स्तन कडक झाला. रंग पुढे हळूहळू उतरला. आज दीड वर्षानंतर उजवी बाजू जरा लहान आहे, स्तनाग्र थोडं वर ओढलेलं. "जीव वाचला ना, मग दिसण्याचं काय घेऊन बसलीस?" हे मी जवळच्या माणसांकडून ऐकलं आणि गप्प बसले. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. दोन्ही बाजूंचा आकार, रंग, व्रण, स्तनाग्राची जागा हे सगळं डॉक्टरही ताडून बघतात, उपचार कसा झाला हे त्यावरूनही ठरतं, असं सांगितलंत. म्हणजे माझं दुःख फुकाचं नव्हतं. त्या रात्री मी आरशासमोर पहिल्यांदा नीट उभी राहिले. शिंपीणबाईंनाही आता स्पष्ट सांगते, दोन्ही बाजूंची मापं वेगळी घ्या.

दर तीन महिन्यांनी तुम्ही दोन्ही हातांना टेप लावता, त्याच त्याच जागी. काखेतल्या गाठी काढल्यावर हाताला सूज वर्षांनीही येऊ शकते, म्हणून भाजीची पिशवी मी डाव्या हातात घेते आणि बागेत हातमोजे घालते. मागच्या वेळी फरक अर्ध्या सेंटीमीटरचा होता. तुम्ही तो आकडा लिहिताना हसलात, ते मी पाहिलं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. आमच्याकडे सुविचार फळ्याच्या अगदी वरच्या कडेला लिहितात. गेल्या वर्षी तो सातवीतली एक मुलगी स्टुलावर चढून लिहायची. या वर्षी पहिल्या दिवशी मी लिहिला, जमिनीवर उभी राहून. अक्षरं थोडी तिरकी आली आहेत. फोटो या पत्रासोबत पाठवते आहे.

तुमची,
गणिताच्या बाई