वकीलताई, तुम्ही दार लोटून घेतलंत

आदरणीय वकीलताई,
सप्रेम नमस्कार.

राजेंद्रनगरातल्या आम्हा चार बिऱ्हाडांतर्फे हे पत्र लिहीत आहोत. तुमचं नाव यात घालत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही हे ठाऊक आहे. ज्या काकूंच्या मृत्युपत्रासाठी तुम्ही दोन रविवार दिलेत त्यांचंही नाव नाही. पण तुम्ही केलंत ते चारचौघांत सांगायलाच हवं. इंदूरच्या कितीतरी घरांत अशी एक काकू आहे आणि कपाटात अशीच एक फाइल पडून आहे.

त्या दिवशी खोलीत सात माणसं होती आणि सगळी एकदम बोलत होती. तुम्ही पाणी घेतलंत, खुर्ची काकूंच्या उजव्या हाताला सरकवलीत (त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं, हे तुम्हाला कुणीही सांगितलं नव्हतं) आणि म्हणालात, "बाकीच्यांनी जरा बाहेर ओट्यावर बसा." मुलगा उठेना, तर हसून पुन्हा तेच म्हणालात. मग उठून स्वतःच्या हातानं दार लोटून घेतलंत.

आत तुम्ही काय विचारलंत ते काकूंनी नंतर सांगितलं. "काकू, तुमच्या मनात काय आहे?" बस, एवढंच. काका गेल्यापासून घराबद्दल हा प्रश्न त्यांना कोणीही विचारला नव्हता. हे सांगताना त्यांनी पदरानं डोळे टिपले, ते अजून आमच्या डोळ्यांसमोर आहे.

त्या लोटलेल्या दारात कायद्याची किती मोठी समज होती हे आम्हाला मागाहून कळलं. मृत्युपत्रात ज्याला मिळणार, त्यानंच वकील आणायचा, मजकूर सांगायचा, साक्षीदार बोलवायचे आणि सही होताना शेजारी उभं राहायचं, असं झालं की पुढे न्यायालय त्या कागदाकडे संशयानं पाहतं. व्यंकटाचल अय्यंगार खटल्यात १९५८ साली सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं आहे: मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानंच तो संशय फेडायचा. आपल्याकडे मात्र बहुतेक मृत्युपत्रं नेमकी अशीच होतात, सगळं कुटुंब भोवती बसून.

तुमच्याआधी ज्यांच्याकडे गेलो होतो त्यांनी दहा मिनिटांत छापील मसुदा भरून दिला होता. हजाराच्या स्टँपवर. मृत्युपत्राला स्टँप लागतच नाही, साध्या कागदावरचंही चालतं, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं. त्या मसुद्यात काकूंच्या नावामागे 'बेवा', म्हणजे विधवा, असं लिहिलं होतं. काकूंना त्या हिंदीतलं बाकी काही कळलं नाही, तेवढा शब्द मात्र कळला. "मराठी चालणार नाही" असं वर ऐकवलंही होतं. तुम्ही मात्र कायद्याचं पान उघडून दाखवलंत. मृत्युपत्र कोणत्याही भाषेत लिहिता येतं. नोंदणी करायचीच असेल आणि अधिकाऱ्याला ती भाषा कळत नसेल, जिल्ह्यात ती वापरातही नसेल, तर जिल्ह्यात चालणाऱ्या भाषेतलं खरं भाषांतर आणि कागदाची खरी नक्कल सोबत जोडायची. नोंदणी कायदा एवढंच मागतो. आणि ती नोंदणीसुद्धा मृत्युपत्राला सक्तीची नाही.

पण त्या मसुद्यातली खरी घोडचूक वेगळीच होती. त्यात आख्खं घर काकूंचं म्हणून लिहिलं होतं, का तर नगर निगमच्या (महापालिकेच्या) मालमत्ता कराच्या पावतीवर त्यांचं नाव आहे. घर काकांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं आणि ते मृत्युपत्र न करता गेले. म्हणजे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं पत्नी, मुलगा आणि मुलगी यांना सारखे तीन हिस्से. (काकांची आई असती तर चौथा हिस्सा तिचा. ही गोष्ट किती घरांत विसरली जाते!) नामांतरणानं, म्हणजे कराच्या नोंदीत नाव बदलल्यानं, कर कोणी भरायचा ते ठरतं, मालकी ठरत नाही. तेव्हा काकू देऊ शकतात तो आपला एक तृतीयांश. बाकीच्यावर त्यांनी काहीही लिहिलं तरी ते पोकळच. हे तुम्ही मुलाला कागदावर चौकोन काढून समजावलंत, आवाज न चढवता, आणि तोही शांत झाला.

काकूंनी आपला हिस्सा मुलीला दिला. तुम्ही त्यांचंच वाक्य जसंच्या तसं मजकुरात घेतलंत: "मुलगा मला तितकाच लाडका आहे, पण त्याला त्याचं घर आहे, हिला नाही." सख्ख्या वारसाला वगळलं आणि कारण लिहिलं नाही की भांडायला जागा मिळते, म्हणून ते वाक्य. मजकुराची अक्षरं मोठी छापलीत, कारण काकूंचा मोतीबिंदू. प्रत्येक पानावर सही, आकडा आणि तारीख. खाडाखोड झाली ते पान टाकून नवं काढलंत. साक्षीदार म्हणून काकूंनी आपल्या भिशीतल्या दोन मैत्रिणी सुचवल्या, तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात, "काकू, तुमच्याहून लहान कोणीतरी हवं, आणि ज्याला यातलं काही मिळणार नाही असं." न्यायालयात सही शाबीत करायला दोघांपैकी किमान एक साक्षीदार उभा राहावा लागतो. ऐंशीच्या मैत्रिणी त्या वेळी कुठून आणायच्या?

"दानपत्र करून टाका, कटकट मिटेल" हा सल्लाही काकूंना मिळाला होता. दानपत्र नोंदलं की मालकी त्याच दिवशी जाते, मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र शुद्धीवर असेपर्यंत केव्हाही बदलता येतं. सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर, सांभाळ झाला नाही तर, ज्येष्ठांच्या २००७ च्या कायद्यानं परत मिळू शकतं. छतरपूरच्या एका आईचं दानपत्र सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये असंच रद्द केलं. पण तुम्ही म्हणालात तेच खरं, त्या माउलीला त्यासाठी दिल्लीपर्यंत जावं लागलं.

मुलीच्या घटस्फोटाच्या कागदांत तर तुम्ही तिला बुडताना वाचवलंत. दोघांच्या संमतीनं घटस्फोट मागायच्या पहिल्या अर्जाआधीच "सर्व दागिने व रक्कम मिळाली" यावर नवऱ्याकडचे तिची सही घ्यायला निघाले होते. हातात काही पडलं नव्हतं आणि हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. पहिल्या अर्जानंतर दुसऱ्यापर्यंत थांबायचे सहा महिने न्यायालय माफ करू शकतं, २०१७ पासून तशी वाट आहे, पण ते न्यायालयाच्या हातात, आपल्या नाही. तुम्ही रकमेचे दोन भाग केलेत आणि दुसरा भाग दुसऱ्या अर्जाच्या दिवशी न्यायाधीशांसमोर डिमांड ड्राफ्टनं घेतलात. स्त्रीधनाची यादी मोघम 'दागिने' अशी न ठेवता पाटल्या, मोहनमाळ, चांदीचं ताट, एकेकाचं वजन लिहून केलीत. आणि "तिला नवऱ्याकडून मिळालं, आता इथे कशाला" या भावाच्या बोलण्याला एका वाक्यात उत्तर दिलंत: पोटगी ही नवऱ्याची जबाबदारी, बापाच्या घरातला हिस्सा हा तिचा हक्क, एकानं दुसरं कापलं जात नाही.

फीबद्दल तुम्ही लिहू देणार नाही, म्हणून लिहीत नाही. आमच्या कामवाल्या मावशींना मात्र तुम्ही जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाचा पत्ता आणि १५१०० हा क्रमांक स्वतः लिहून दिलात. बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हे त्यांना पन्नास वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. ज्ञान असून न सांगणारी माणसं आम्ही खूप पाहिली. जिन्यातल्या जिन्यात थांबून, पिशवी खाली ठेवून सांगणारं माणूस पहिल्यांदा पाहिलं.

मृत्युपत्राचं पाकीट काकूंच्या लोखंडी कपाटात आहे, कुठल्या कप्प्यात ते मुलगा आणि मुलगी दोघांनाही माहीत आहे. एक निरोप आहे. चांदीचा तांब्या लिहायचा राहून गेला, तो नातीला द्यायचाय. पुरवणीलाही पुन्हा दोन साक्षीदारांसमोर सही लागते हे काकूंच्या पक्कं लक्षात आहे, आणि दोघंही तयार आहेत. तुम्हाला सवड असेल तो रविवार कळवा. ओट्यावर बसायला आम्ही सगळे आधीच जाऊ.

आपले ऋणी,
काकूंचे शेजारी
राजेंद्रनगर, इंदूर