काका एल्फिन्स्टनची वकिली

महोदय,

मुंबईतला एल्फिन्स्टन पूल पाडायला घेतल्यापासून त्या नावाचा इतिहास व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे आणि सोबत चित्र असतं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचं. पुलाशेजारच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनला (आताचं प्रभादेवी) नाव होतं ते त्याच्या पुतण्याचं, १८५३ ते १८६० या काळातल्या मुंबईच्या गव्हर्नर लॉर्ड जॉन एल्फिन्स्टनचं. काका-पुतण्यांचा घोळ महाराष्ट्राला नवा नाही, तेव्हा हेही खपून जाईल. माझी तक्रार वेगळी आहे. काकालाही आपण फक्त गव्हर्नर म्हणून ओळखतो. ते पद त्याच्याकडे आठ वर्षं होतं, १८१९ ते १८२७. त्याआधीची बहुतेक नोकरी परक्या दरबारांतल्या वकिलीत, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा राजदूत म्हणून गेली, आणि आपण वाचायला हवी ती तीच.

परळच्या शाळेत मी इतिहास शिकवत असे. ५ नोव्हेंबर १८१७, खडकी, इंग्रज जिंकले, पुढचा धडा. मुलं विचारायची, ‘सर, एवढ्या लवकर कसे हरलो?’ उत्तर या वकिलीत होतं.

हा काका एल्फिन्स्टन सोळाव्या वर्षी हिंदुस्थानात आला. १८०१ मध्ये पुण्याच्या रेसिडेंटचा, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीचा मदतनीस झाला. १८०३ मध्ये असईच्या लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीबरोबर घोड्यावर होता. मग चार वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या दरबारात. १८०८ मध्ये फ्रेंचांविरुद्ध तह करायला त्याला काबूलच्या शाह शुजाकडे धाडलं. पेशावरला भेट झाली, तह झाला, आणि शाई वाळते न वाळते तोच शुजाची गादी गेली. वकिली फुकट गेली म्हणायची, पण तिथे टिपलेल्या माहितीतून त्याने अफगाणिस्तानावर जाडजूड ग्रंथ लिहिला. जाईल तिथली माणसं, वाटा, वसूल, भाऊबंदकी टिपून ठेवायची, ही त्याची खोडच होती.

१८११ मध्ये तो पुण्याचा रेसिडेंट झाला, तेव्हा दुसऱ्या बाजीरावाच्या समोर मराठी दरबार आतून ओळखणारा माणूस होता. दरबाराच्या बातम्या पुरवणारे बाळाजीपंत नातू त्याच्या पदरी होते. १८१५ मध्ये बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरात खून झाला, तेव्हा त्याने असा तगादा लावला की बाजीरावाला आपला मर्जीतला कारभारी आणि खुनाचा संशयित त्रिंबकजी डेंगळे हवाली करावा लागला. त्याला ठेवलं ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या कारागृहात. तिथून तो पुढच्याच वर्षी निसटला. गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी कळत नव्हतं, म्हणून एका मोतद्दाराने (घोड्यांची निगा राखणाऱ्या नोकराने) गाण्यातून निरोप पोहोचवला अशी कथा सांगतात. खरी असो-नसो, वर्गात ती सांगितली की मागच्या बाकांवरची मुलंही जागी व्हायची.

मी त्याचा भक्त नाही. आपलं राज्य बुडवणाऱ्यांत तो पुढे होता. पण खडकीच्या दिवशी पेशव्यांच्या फौजेने पुण्यातल्या मुळा-मुठेच्या संगमावरचा त्याचा बंगला पुस्तकांसकट जाळला, तोवर त्याचं काम होऊन चुकलं होतं. आमच्या पुस्तकात यातलं काहीच नव्हतं.

आपल्या रविवारच्या पुरवणीत या वकिलीवर सविस्तर लेख यावा, ही विनंती. छायाचित्रासाठी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये इंग्रज शिल्पकार चॅन्ट्रीने घडवलेला त्याचा पुतळा आहे.

– एक निवृत्त इतिहास शिक्षक, परळ